मुळ्याचं सूप

कुणाला खरं वाटणार नाही, पण वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी युनसिलच्या भावासाठी सगळ्या देशातली विमानं थांबवतात. उडायची ती धावपट्टीवर पाय मुडपून बसतात, उतरायची ती ढगांवर घिरट्या घालत राहतात, आणि आतले प्रवासी शेंगदाणे चघळत खिडकीतून वाकून बघतात की खाली झालंय तरी काय. खाली पाच लाख मुलं कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत कान देऊन इंग्रजी ऐकत असतात, त्यांना घरघर ऐकू जाऊ नये म्हणून ही व्यवस्था, असं सरकार सांगतं. सांगू दे. सोल शहराच्या पश्चिम टोकाला, शिनवोल वस्तीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर एरवी दर चार मिनिटांनी विमानाचं पोट छप्पर खरवडत जातं आणि फळीवरच्या वाट्या किणकिणतात. तिथे बारा वर्षांपासून सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे की विमानं थांबतात ती दोग्यूसाठी. आणि याहूनही खरं वाटणार नाही ते असं, की यंदाच्या त्या गुरुवारी, बाराला दहा कमी असताना, हवागोक बाजारातल्या कानाच्या मशीनच्या दुकानात, मागच्या खोलीत, युनसिलनं आपल्या थर्मासचं झाकण फिरवलं आणि आतून मुळ्याचा वास आला.

मुळ्याचा यायला नको होता. मियोकचा यायला हवा होता, समुद्रातल्या त्या काळ्या-हिरव्या शेवाळाचा, खारट, ओलसर. आज तेरा नोव्हेंबर, तिला सत्तावीस पूर्ण झाली, आणि वाढदिवसाला मियोकचं सूप प्यायचं ही तिथली रीत. बाळंतिणीला तेच पाजतात आणि मग ते मूल दर वर्षी आईच्या त्या सुपाची आठवण म्हणून तेच पितं. पण शेवाळ निसरडं. ज्या घरात परीक्षा असते त्या घरात ते शिजत नाही. मुलाच्या पोटात गेलं की मुलगा घसरला. परीक्षा दर वर्षी नोव्हेंबरच्या मधोमध येते, तिचा वाढदिवसही तिथेच घुटमळतो, त्यामुळे तिच्या वाट्याचं सूप 'परीक्षा होऊ दे, मग करू' या बोलीवर पुढे ढकललं जाई आणि परीक्षा झाल्यावर विसरलं जाई. यंदा दोन्ही एकाच तारखेला आली. तिला काय झालं कोण जाणे. आई पहाटे पाचला शंभर दिवसांच्या नवसाचा शेवटचा नमस्कार घालायला देवळात गेली तशी तिनं एका शेगडीवर भावाचं मांस-मुळ्याचं सूप ठेवलं आणि दुसरीवर, खिडकी उघडून, पंखा लावून, चोरासारखं आपलं. दोन थर्मास अगदी सारखे, स्टीलचे, नारिंगी झाकणांचे. तेलाच्या डब्यांवर फुकट मिळालेले. एक त्याच्या पिशवीत, एक तिच्या. आणि आता तिच्या मांडीवर मुळ्याचे चौकोनी तुकडे शांतपणे तरंगत होते.

काळजात लक्कन हललं, पण नुसतं हललंच. त्यापुढे जी धावपळ व्हायला हवी ती झाली नाही. ती बसून राहिली, झाकण हातात धरून, आणि तिला जाणवलं की आपण दमलोय. आजचं नाही हे, फार जुनं दमणं. जेवणाची सुट्टी बारा दहाला. तोवर दादाच्या हातात फक्त प्रश्न असतील, नंतर झाकण असेल. फोन आत नेता येत नाही. शाळेत फोन करायचा? नमस्कार, माझ्या भावाच्या डब्यात चुकून शेवाळ गेलंय, जरा काढून घ्याल का. उशीर झालेल्या मुलांना आज पोलीस मोटारसायकलवर बसवून शाळेपर्यंत पोचवतात. सूप पोचवतील का? तिला हसू आलं आणि ते हसू घशातच थांबलं, कारण ते घरी शिकलेलं होतं, बिनआवाजाचं.

त्या घरात आवाज नव्हता. दोग्यूची खोली मधोमध, जिथून सगळ्यांना जावं लागतं तिथे, दार बंद, आणि दाराबाहेर आईनं घातलेली जाड चादर. आत एक टेबल, एक घड्याळ जे फक्त परीक्षेच्या वेळा सांगतं, आणि चुकांच्या वह्या. चुकलेला प्रत्येक प्रश्न तो कात्रीनं कापून वहीत चिकटवतो, खाली लाल शाईनं लिहितो की का चुकला. पहिल्या वर्षी दोन वह्या झाल्या, आता एकसष्ट आहेत, भिंतीला टेकून छातीपर्यंत. एकदा ती खोली झाडायला गेली तेव्हा सहज एक वही उघडली. त्यात प्रश्न नव्हते. बरोबर आलेली उत्तरंच कापून चिकटवली होती आणि प्रत्येकाखाली लिहिलं होतं: 'नशिबानं आलं. पुन्हा करणे.' तिनं वही मिटली आणि कुणाला काही सांगितलं नाही. घरात आईचं शिलाई मशीन सकाळी आठ चाळीसला बंद होई, कारण तेव्हा खऱ्या परीक्षेत पहिला पेपर सुरू होतो. दुपारी एक दहा ते एक पस्तीस संडासात पाणी सोडायचं नाही. 'पडलं', 'सुटलं', 'घसरलं' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. वाटी हातातून पडली तर 'वाटी खाली बसली' म्हणायचं. बाबा दूर गोजेच्या जहाजाच्या कारखान्यात, वर्षातून दोनदा येत, त्या बंद दाराकडे बघत, आईनं वाढलेले मोजून चार घास खात आणि परत जात. आईनं कधी तक्रार केली नाही. 'यंदा होईल,' म्हणे. आणि दुसऱ्या वर्षी झालंही होतं, हे लोक विसरतात. दक्षिणेतल्या एका चांगल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला, आईनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना तांदळाच्या वड्या वाटल्या. तीन महिन्यांनी दोग्यू बॅग घेऊन दारात उभा. 'तिथे शिकवतात, आई,' तो म्हणाला, जणू एखादा रोग सांगावा. 'पण कुणालाच घाई नाही. कुणीच वेळ लावत नाही.' आणि आत जाऊन त्यानं घड्याळाला चावी दिली. पुढे सैन्यातली दोन वर्षं गेली, तेवढ्याच काळात काय ते त्या घरात संडासाचं पाणी मोकळेपणानं वाहिलं.

"तू जेवत का नाहीस?" मालकीणबाई दारात उभ्या होत्या. छा मालकीणबाई, पन्नाशीच्या, तोंडानं फटकळ, हातानं सढळ.

"मालकीणबाई, एक विचारू? आज परीक्षा देणाऱ्यानं मियोक खाल्लं तर?"

"देवा. माझ्या धाकट्यानं परीक्षेच्या आठवड्यात केळं खाल्लं होतं, तर सासूबाईंनी माझ्याशी तीन दिवस अबोला धरला. केळंसुद्धा निसरडंच ना."

"मग घसरला का तो?"

"घसरलाच. न खाताही घसरला असता, त्याचं डोकं माझ्यावर गेलंय." त्यांनी खुर्ची ओढली. "ते गांगनुंगच्या नव्या शाखेचं काय ठरलं तुझं? समोर समुद्र, वर राहायची खोली, गिऱ्हाईक म्हणशील तर गावात सगळे म्हातारे. उद्या सकाळी जागामालकाला हो-नाही कळवायचंय मला. तू नाही म्हणालीस तर मी दुसरी मुलगी बघते, राग नको मानूस."

"घरी बोलते. आजची परीक्षा होऊ दे."

"सुवनच्या शाखेच्या वेळी हेच म्हणाली होतीस. त्याआधी तो मुलगा सांगून आला होता तेव्हाही. अगं, तुझ्या भावाची परीक्षा आहे की हिमालय आहे? हलतच नाही."

तो मुलगा ग्योंगमो. आठ महिने त्याच्याबरोबर फिरली असेल. एक दिवस नूडल खाताना तो म्हणाला, 'तू नेहमी असं का बोलतेस, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे?' ती म्हणाली, 'आहे ना.' त्याला वाटलं चेष्टा. तिचा खरा आवाज फक्त या दुकानात निघतो, बहिऱ्यांशी बोलताना, आणि पहिल्या दिवशी तो ऐकून ती स्वतःच दचकली होती. घोगरा, मोठा, थोडा आईसारखा. तिनंही ती परीक्षा दिली होती, एकदाच. दादाची तिसरी खेप, तिची पहिली, एकाच दिवशी. आईनं दोन डबे दिले होते. संध्याकाळी दोघं घरी आली आणि आईनं दोग्यूला विचारलं, 'कसा गेला?' युनसिल बूट काढत वाकली होती. बूट काढून वर बघेपर्यंत प्रश्न संपला होता. ती दोन वर्षांच्या कोर्सला गेली, कान तपासायला शिकली, आणि खरं सांगायचं तर तिला वाईटही वाटलं नाही, कारण त्या संध्याकाळी दादा गोष्टी सांगत होता.

त्या गोष्टी. वर्षभर बंद दाराआड असलेला माणूस परीक्षेच्या संध्याकाळी जेवायला बसला की सुरू होई, 'कुणाला खरं वाटणार नाही, पण.' कुणाला खरं वाटणार नाही, पण गणिताच्या पेपरात देखरेखीच्या मास्तराला उचकी लागली आणि पाणी मागायची चोरी म्हणून तो बिचारा दीड तास तोंडात रुमाल कोंबून उभा. कुणाला खरं वाटणार नाही, पण एक चिमणी आत आली आणि थेट माझ्या कागदावर, तीन नंबरच्या पर्यायावर बसली. मी चार लिहिलं आणि उत्तर निघालं तीन. आई हसे. तोंडावर हात न ठेवता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर्षातून तेवढीच एक संध्याकाळ. युनसिलला कधीकधी वाटे की घरातले सगळे बारा महिने पायांच्या बोटांवर चालतात ते निकालासाठी नाही, या जेवणासाठी. आणि आज त्या जेवणावर तिनं शेवाळ टाकलं होतं. चुकून? पहाटे दोन्ही पिशव्या भरताना हात आपोआप चालले होते. आईनं येऊन नेहमीसारखा दादाच्या पिशवीतला थर्मास हातात घेतला होता. युनसिल पाठमोरी, मियोकचं पातेलं घासत होती, वास जावा म्हणून लिंबू लावून. पाठीमागे झाकण करकरलं होतं. आईला दुसऱ्यानं लावलेलं झाकण पटत नाही, ती नेहमी पुन्हा आवळते. मग आई 'गरम आहे' म्हणाली आणि पिशवी दादाच्या खांद्याला अडकवली. उघडून बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. नाही बघितलं. बारा वाजून बावीस मिनिटं झाली. आता त्याच्या हातात झाकण असेल.

साडेबाराला बोंग आजोबा आले, चौऱ्याऐंशीचे, एके काळचे बाजारातले मासेवाले. तपासणीच्या बंद खोपटात बसले, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आजोबा दर दोन सेकंदांनी दाबत होते, प्रामाणिक चेहऱ्यानं. हे तिला रोजचं. लोक बहिरेपण लपवायला ऐकू आल्याचं सोंग आणतात आणि त्यांना पकडायची युक्ती सोपी आहे: आवाज लहान करत बसायचं नाही. काहीच वाजवायचं नाही. शांतता द्यायची. खोटा माणूस शांततेला बटण दाबतो. तिनं हात मशीनवरून काढून घेतला. आजोबांनी दाबलं. पुन्हा दाबलं.

"आजोबा," ती आपल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आत्ता मी काही वाजवलंच नव्हतं."

"मग तुझं मशीन बिघडलंय, पोरी. मला लख्ख ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

"तू जे वाजवायला हवं होतंस ते."

एक वाजून पाच मिनिटांनी ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. विमानं थांबली. हे कळायला वर बघावं लागत नाही. त्या भागात राहणाऱ्याच्या छातीतून काहीतरी काढून घेतल्यासारखं होतं. बाजारात मसाल्याची बाई गिऱ्हाइकाला खुणेनं भाव सांगत होती, तिचाही कुणीतरी परीक्षेला बसला असावा. आत्ता तो ऐकत असेल, पोटात शेवाळ घेऊन. किंवा उपाशी. त्यानं झाकण उघडून बघितलं असेल आणि त्याला कळलं असेल की हे बहिणीनं केलं. वर्षानुवर्षं ज्या बहिणीनं त्याच्यासाठी संडासात पाणी सोडलं नाही तिनं. ती पस्तीस मिनिटं तिथेच उभी राहिली. तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटत होतं ते इतकंच, की ही शांतता संपू नये, इथेच कुणी खुर्ची आणून दिली तर बरं. मग एक चाळीसला पहिलं विमान गेलं, खाली, मोठं, आणि मसाल्याची बाई पुन्हा ओरडू लागली.

घरी पोचली तेव्हा आईनं बांगडा भाजला होता. सातच्या सुमारास दोग्यू आला. जिन्यावरच त्याचं खोकणं ऐकू आलं. तो बूट काढत असताना युनसिलनं त्याच्याकडे बघितलं, चेहऱ्यावर राग आहे का, काही कळलंय का. राग नव्हता. एकोणतीस वर्षांचा, पाठीत वाकलेला, कपाळावरून केस मागे सरकलेला तिचा दादा, गाल लाल, कानांच्या पाळ्या वाऱ्यानं फुटल्यासारख्या. वर्गात आज हीटर असतात. तिच्या मनात ते आलं आणि तसंच पुढे गेलं.

"कसा गेला?" आईनं विचारलं.

"बसू दे तरी." तो बसला, बांगड्याचा तुकडा उचलला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते वर्षातून एकदाचं मिस्कील तेज आलं. "कुणाला खरं वाटणार नाही, पण माझ्या पुढच्या बाकावर एक आजोबा होते."

"जा रे," युनसिल म्हणाली.

"शप्पथ. सत्तरीचे. पहिल्या पेपराला चष्मा विसरले म्हणून मास्तरांनी आपला दिला. मग मास्तरांना दिसेना. ते सगळा वेळ खिडकीला ओळखपत्र विचारत होते." आईच्या ओठांचे कोपरे हलले. "आणि जेवणाच्या सुट्टीत आजोबांनी डबा उघडला तर नुसता भात, थंडगार. म्हटलं, आजोबा, हे घ्या, बहिणीनं सूप दिलंय. निम्मं त्यांना ओतून दिलं."

युनसिलच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. तो आपल्याला वाचवतोय, असं तिला आधी वाटलं, आणि डोळे भरून आले. आईसमोर शेवाळाचं नाव नको म्हणून. ती उठली, पाणी आणायला म्हणून ओट्याशी गेली. त्याची पिशवी तिथेच होती. तिनं थर्मास उचलला. तो जड होता. सकाळी भरला तेवढाच जड. पाणी ग्लासात पडत राहिलं आणि ती तशीच उभी राहिली, आणि मग, दुकानात रोज करते तसं, तिनं मशीनवरून हात काढून घेतला.

"दादा," ती न वळता म्हणाली, "मुळा शिजला होता ना नीट? सकाळी घाईत उतरवला मी."

"मऊ," दोग्यू म्हणाला. "लोण्यासारखा. आजोबा म्हणाले, असा मुळा बायको गेल्यापासून खाल्ला नव्हता."

त्यानं शांततेला बटण दाबलं होतं. झाकण उघडलंच नव्हतं. बारा दहाला तो जिथे कुठे होता तिथे जेवणाची सुट्टी नव्हती, आजोबा नव्हते, हीटर नव्हता. नदीकाठचा एखादा बाक असेल, वारा असेल. आणि मागच्या वर्षी? ती चिमणी? तो उचकीवाला मास्तर? कितव्या खेपेपासून? तिला राग शोधूनही सापडला नाही. इतकी वर्षं आपण सगळे ज्या परीक्षेसाठी श्वास धरून बसलो ती देणारंच कुणी नव्हतं, वर्गात एक बाक रिकामा होता आणि त्यासाठी विमानं ढगांत खोळंबली होती, आणि 'परीक्षा होऊ दे' म्हणून जे जे थांबवलं ते कधीच सुटणार नव्हतं, कारण न दिलेली परीक्षा संपत नाही. ती परत येऊन बसली. मांडीवर फोन घेतला आणि टेबलाखाली मालकीणबाईंना लिहिलं: 'हो. मी जाते गांगनुंगला.' पाठवलं. त्याला तोंडावर पाडायचं नाही, हेही ठरवलं. आईला एक संध्याकाळ असते. ती राहू दे.

"मग?" ती म्हणाली. "मग आजोबांचं काय झालं?"

"मग, कुणाला खरं वाटणार नाही, पण इंग्रजीच्या पेपराला..."

वरून विमान आलं. शिनवोलमध्ये विमान आलं की बोलणारा थांबतो, घास तोंडाशी असला तर तोही थांबतो, आणि गेल्यावर वाक्य तिथूनच पुढे सुरू होतं. लहान मूलही हे बोलायच्या आधी शिकतं. वाट्या किणकिणल्या. दोग्यू तोंड अर्धवट उघडं ठेवून, हसत, वाट बघत राहिला. आई आपल्या भाताच्या वाटीकडे बघत होती. घरघर लांब गेली, वाट्या थांबल्या, पण वाक्य ज्याचं होतं त्याला ते पुढे नेता आलं नाही, कारण आई बोलली, कुजबुजत नाही, युनसिलनं फक्त दुकानात, स्वतःच्याच तोंडून ऐकलेल्या त्या घोगऱ्या, मोठ्या आवाजात.

"खोटं. मुळा नव्हता त्यात. सकाळी झाकण उघडून बघितलं मी. मियोक होतं, हिच्या वाढदिवसाचं. बघितलं, आणि तसंच लावून तुझ्या खांद्याला अडकवलं."